अर्धी काळी बॅटरी

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली होती. मी एका हाताने पायडल गरागरा फिरवत होतो आणि समोर आठ-दहा हातांवर आमचे चीफ इंजिनिअर भिंतीला डकवलेलं वर्तमानपत्र वाचत होते.

"अग्रलेखसुद्धा वाचता येतोय, शिंदे," ते म्हणाले. "पास."

सायकलच्या दिव्याची परीक्षा घ्यायला इलेक्ट्रिक शॉपची दारं-खिडक्या लावून आम्ही भरदुपारी अंधार केला होता. मी घामाघूम झालो होतो, पण खूश होतो. डिप्लोमा होऊन चार वर्षं झालेली, अंगात मस्ती भरपूर, आणि चीफसाहेबांनी पहिल्यांदाच माझं काही एका फटक्यात पास केलं होतं.

ही गोष्ट बहात्तर सालच्या जानेवारीतली. मी नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. नाव सांगत नाही, आमच्याकडे कारखाने इतके की ओळखू येण्याची भीतीही नाही. पुणतांबा तिथून दोन-अडीच मैल. निम्मे कामगार आसपासच्या गावांतून सायकलने येत. दुपारी बाराची शिफ्ट रात्री आठला सुटायची आणि नेमक्या त्याच वेळी उसाच्या बैलगाड्यांची रांग कारखान्याकडे येत असायची.

आठ दिवसांपूर्वी रामनाथ नावाचा फिटर घरी जाताना अंधारात एका गाडीखाली येता येता वाचला. जुवाचं टोक खांद्यात बसून हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी चीफसाहेबांनी नोटीस लावली. एक तारखेपासून अंधार पडल्यावर ज्याला सायकल गेटबाहेर काढायची असेल, त्याच्या सायकलीला पुढे कारखान्याने मंजूर केलेला दिवा पाहिजे. नसेल त्याने बराकीत मुक्काम करावा. मंजूर दिवा कोणता, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अट एवढीच, की कामगाराला परवडला पाहिजे आणि उजेड भरपूर पाहिजे.

तेव्हा बाजारात तीन प्रकार मिळायचे. पहिला रॉकेलचा सायकलदिवा. तो वाऱ्याने विझायचा, काच काजळायची, आणि रस्ताभर उसाचं वाळलेलं पाचट पडलेलं असताना रॉकेल घेऊन फिरणं मला पटेना. दुसरी बॅटरी, म्हणजे आपला हातातला टॉर्च. तिचा उजेड पिवळट आणि सेल संपले की बसा बोंबलत. तिसरा डायनामो. ही छोट्या बाटलीएवढी वस्तू चाकाजवळ बसवतात. तिचं डोकं टायरला घासून फिरतं, आत वीज तयार होते आणि पुढचा दिवा लागतो. सेलचा खर्च नाही, उजेड पांढराशुभ्र. कोपरगावचा सायकलवाला घाऊक भावात द्यायला तयार होता आणि कारखाना पगारातून तीन हप्त्यांत पैसे कापून घेणार होता. मी रीतसर तक्ता करून डायनामोवर सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी हसनभाई शॉपच्या दारात येऊन उभे राहिले.

हसनभाई मिलवर ऑइलमन होते. ऊस पिळणाऱ्या रोलरच्या बेअरिंगांना तेल देत फिरायचं, हे त्यांचं काम. वय पन्नाशीचं, अंगकाठी बारीक, बोलणं कमी. बेअरिंगवर तळहात ठेवून ते कधी तापणार हे आधी सांगायचे, त्यामुळे मिलवरचे इंजिनिअर त्यांना मानायचे. मी इलेक्ट्रिकवाला, मला ते फारसे माहीत नव्हते.

"सायेब, त्यो डायनामो समद्यांना घ्यावाच लागंल का?"

"नोटीस वाचली ना तुम्ही?"

"वाचली. पन माझ्या सायकलीला त्यो बसत न्हाई."

मी बाहेर जाऊन सायकल पाहिली. मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं डुगडुगत होतं आणि पुढच्या टायरला दोन ठिकाणी आतून तुकडे घालून फुगवटे आलेले. त्यावर डायनामोचं डोकं उड्या मारत राहणार हे मलाही दिसलं.

"चाक आणि टायर बदला."

"चाक, टायर आन वर डायनामो? न्हाई जमायचं सायेब."

"मग बराकीत राहा. फुकट आहे."

त्यांनी सायकलचं हँडल सरळ केलं. मग म्हणाले, "मंडळीला लकवा झालाय. दोन वरसं झाली. येक अंग पार गेलंय. शेजारीन साडेआठपतुर बसती, मंग तिला तिची चूल हाय. माझ्याबिगर तिची कूस बदलाया कोनी न्हाई. लेक वैजापूरला दिलीय." हे सगळं त्यांनी बेअरिंगचं तापमान सांगावं तसं सांगितलं. एक तारखेला त्यांना नोकरी सोडावी लागणार होती, आणि ती माझ्या सहीने.

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून तक्ता बदलत नाही, अशी माझी तेव्हाची समजूत. त्यांच्या हँडलला ट्यूबच्या पट्टीने एक जुनी बॅटरी बांधलेली होती. तिच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला. डिसेंबरात लढाई चालू असताना ब्लॅकआउट होता. उजेड आभाळाकडे जाऊ नये म्हणून सगळ्यांना गाड्यांचे आणि सायकलींचे दिवे असे अर्धे काळे करायला लावले होते. लढाई संपताच लोकांनी रंग खरवडून टाकला होता.

"हसनभाई, विमानं गेली हो आपापल्या घरी," मी म्हणालो. "आधीच दिवा मिणमिणता, त्यात अर्धा काळा. रंग तरी काढा."

"ऱ्हाऊ द्या सायेब. बैलास्नी बरं पडतं."

मी हसलो. रंग खरवडायचा कंटाळा, दुसरं काय, असं मला वाटलं. ते निघाले आणि दोन पावलांवर मागे वळले.

"येक इचारू का? रामनाथच्या सायकलीला कंचा दिवा हुता?"

"दिवाच नसणार. म्हणून तर आदळला."

"बघून या की. स्टँडावरच पडलीय."

मी सायकलस्टँडवर गेलो. रामनाथची सायकल कोपऱ्यात टेकवलेली होती. हँडल वाकलं होतं आणि पुढच्या चाकाजवळ कोरा करकरीत डायनामो होता. मी मंजूर केला होता, अगदी तोच. अपघात झाला म्हणून नोटीस निघाली, नोटिशीवरून मी तक्ता केला, तक्त्यावर चीफसाहेबांनी मान हलवली, आणि यातल्या एकानेही ती सायकल जाऊन पाहिली नव्हती.

रामनाथ त्या दुपारी हात गळ्यात बांधून रजेचा अर्ज द्यायला टाइम ऑफिसात आला होता. मी त्याला गाठलं.

"दिवा व्हता की," तो म्हणाला. "गाड्यांची रांग आली म्हनून उतरलो आन कडंला थांबलो. चाक थांबलं, दिवा इझला. लख्ख उजेडातनं येकदम अंधार. मला काय दिसंना आन गाडीवानाला मी दिसंना. मंग बसलं जू."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कोनी?"

मी तसाच चीफसाहेबांकडे गेलो. ते कडक होते, पण ऐकून घ्यायचे.

"मग थांबू नये. चालवत राहावं," ते म्हणाले.

"साहेब, रस्ता आठ हात रुंद. समोरून तीस-चाळीस गाड्या. थांबावंच लागतं."

"शिंदे, कागदावर सही तुझी आहे."

"हो साहेब. चुकलं."

"चुकलं म्हणून काय उपयोग? दिवा कोणता घ्यायचा ते सांग."

मी हसनभाईंच्या बॅटरीबद्दल सांगितलं. बैलांना बरं पडतं, हेही सांगितलं. चीफसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बैलांना? ठीक आहे. उद्या सात वाजता रस्त्यावर. दोन्ही दाखव."

दुसऱ्या दिवशी मिलवर बदली माणूस ठेवून हसनभाईंना बोलावलं. थंडीचे दिवस, सातला गडद अंधार पडला होता. चीफसाहेब जीप बंद करून रस्त्यालगतच्या पाण्याच्या चारीच्या कडेला उभे राहिले. पुणतांब्याच्या बाजूने गाड्यांचे घुंगरू ऐकू आले तसा मी डायनामोची सायकल घेऊन निघालो. डायनामोला वेग लागतो, म्हणून जोरात पायडल मारले. पांढरा झोत थेट पुढे गेला आणि पहिल्या गाडीच्या बैलांच्या डोळ्यांत शिरला. मोळ्यांवर गाडीवान पेंगत होता. त्या वाटेने बैल रोज आपले आपण यायचे, हाकावं लागायचं नाही. डावीकडच्या बैलाने मान वर टाकली, फुरफुरला आणि बाजूला ओढ घेतली. माझं हँडल हललं तसा झोत हलला आणि दुसराही बुजला. गाडीचं एक चाक चारीत उतरलं आणि वरच्या मोळ्या धडाधड खाली आल्या. मी ब्रेक लावला. लगेच दिवा गेला.

"कोन हाय रं त्यो?" अंधारातून गाडीवान ओरडला. "बैलाच्या डोळ्यात कशाला मारतो?"

मी बैलांपासून हातभर अंतरावर उभा होतो आणि मला त्यांची शिंगंसुद्धा दिसत नव्हती. रामनाथचं काय झालं असेल ते तेव्हा मला नीट कळलं. पुढचा पाऊण तास आम्ही सगळे त्या गाडीला खांदा लावत होतो. चीफसाहेबसुद्धा. त्यांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली, पण त्यांनी तक्रार केली नाही. मोळ्या परत चढवून गाडी रवाना केली.

मागून आणखी आठ-नऊ गाड्या येत होत्या. आता हसनभाई निघाले. डुगडुगत्या सायकलवर, बेताच्या वेगाने. उजेडाचं एक पिवळट गोल चाकापुढे दोन हातांवर जमिनीवर पडलेलं, त्याच्या वर काही नाही. गाड्या जवळ आल्या तसे ते उतरले आणि सायकल कडेला घेऊन उभे राहिले. बॅटरी मात्र चालूच. पहिली जोडी त्यांच्या अगदी अंगावरून गेली. बैलांनी मान उचलली नाही, नुसते कान हलवले. एकामागून एक सगळ्या गाड्या तशाच गेल्या. एक गाडीवान जागा होता, तो वरून "राम राम, हसनभाई" म्हणाला. म्हणजे त्याला माणूससुद्धा ओळखू आला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" चीफसाहेबांनी विचारलं.

"कोनी न्हाई सायेब. लढाईत समद्यांचे दिवे आर्धे काळे हुते, तवा ह्या वाटंवर येक बी बैल बुजला न्हाई. रंग काडल्यावर पुन्यांदा बुजाया लागले. म्हनून म्या काडला न्हाई."

तसेच अर्धे काळे दिवे लावून शे-दीडशे माणसं पंधरा दिवस त्याच वाटेने गेली होती. मीही गेलो होतो. विमानासाठी लावलेल्या रंगाचा बैलाला काय उपयोग झाला, हे पाहिलं फक्त एका माणसाने, आणि त्यालाच मी आळशी ठरवून मोकळा झालो होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि हसनभाईंचं इतकं कौतुक वाटलं, की ते तिथल्या तिथे बोलून दाखवलं. त्यांनी बॅटरी बंद केली.

"सेल किती दिवस जातात?" चीफसाहेबांचा पुढचा प्रश्न.

"ईस-पंचीस मिन्टांची वाट, ती बी येकाच बाजूची. पंधरवडा जातो. मधी दिवसा उन्हात ठिवले की आनि चार दिस."

मी बॅटरीला नाव ठेवलं होतं ते सेलमुळे. लांबच्या रस्त्याला ते खरंही होतं. पण आमची माणसं अडीच मैल जाणार होती, आणि तेवढ्यासाठी तो खर्च काहीच नव्हता. शिवाय रात्री उसाला पाणी द्यायला लागते म्हणून बॅटरी घरोघर असायचीच. नवीन काही घ्यायचं नव्हतं.

जुनी नोटीस उतरवली, नवी लागली. घरची कोणतीही दोन सेलची बॅटरी चालेल. रिकाम्या तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून वर्कशॉपने हँडलला लावायच्या पट्ट्या केल्या आणि आमच्या शॉपमध्ये एक पेंटर बसून काचांचे वरचे अर्धे भाग काळे करू लागला. कोपरगावचा सायकलवाला बरेच दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता.

मंजुरीच्या कागदावर 'टेस्टेड बाय' असा रकाना असतो. तिथे मी हसनभाईंची सही घ्यायचं ठरवलं. शिफ्ट सुटल्यावर त्यांना थांबवलं. त्यांनी हात पुसले, एकेक अक्षर जपून काढत नाव लिहिलं आणि पेन परत दिलं.

"झालं का सायेब? शेजारीन खोळंबली आसंल."

पुढे तीस वर्षं मी पंप, मोटारी, स्टार्टर, काय काय मंजूर केलं. वस्तू घेण्याआधी ज्याला ती वापरायची त्याला भेटायचं आणि ज्याला लागलं त्याला विचारायचं, एवढं मात्र पाळलं. या दोन्ही गोष्टींना खर्च येत नाही, त्यामुळे त्यांचं बिल होत नाही, आणि बहुधा त्यामुळेच त्या राहून जातात.

त्या वर्षीच्या ऑडिटने आमच्या कागदावर लाल शेरा मारला. टेस्ट करणारी व्यक्ती ऑइलमन असून तिची तांत्रिक पात्रता नमूद केलेली नाही, खुलासा करावा. मी कागद घेऊन चीफसाहेबांकडे गेलो. त्यांनी खुलासा स्वतःच्या हाताने लिहिला: "सदर इसम दोन वर्षे त्याच रस्त्याने रोज साडेआठच्या आत घरी पोचतो."

ऑडिटने शेरा मागे घेतला.