धुरी मीच दिली होती

"ब्राँकिओलायटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज येते आणि त्यांत चिकट कफ भरतो. मोठ्यांना नुसती सर्दी करणारा आरएसव्ही नावाचा विषाणू लहान बाळांना असा गाठतो.

माझी स्वरा तीन महिन्यांची होती. डॉक्टरांनी तिचं झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. डिंभ्याच्या घरून मंचरच्या दवाखान्यात येईपर्यंत ती दुपट्यात गुंडाळलेली. मी पाहिलंच नव्हतं.

"घरात धुरी देता का?"

"सासूबाई देतात," मी म्हणाले.

आमच्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळाला निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं टाकून धुरी देतात. पण आदल्या दिवशी सासूबाई भातकापणीला गेल्या होत्या. सर्दी मोकळी व्हावी म्हणून मीच दोनदा दिली. मी, घरातली पहिली बी.ए.

"धुरानं हा विषाणू येत नाही, पण त्रास वाढतो," डॉक्टर म्हणाले.

सोबत आलेल्या मिस्टरांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आये, लई झाली तुझी धुरी. पोरीची छाती बघितली असती तर!" मी गप्प बसले. मग ते चाकणला कामावर गेले.

वॉर्डात बाळाजवळ एकीलाच राहता येई. नाकाला ऑक्सिजन, दूध नळीतून. यावर वेगळं औषध नसतं, श्वासाला आधार देऊन वाट पाहायची. सासूबाईंचा फोन आला नाही. मीही केला नाही. बोलायला कुणी नव्हतं, आणि जे बोलायचं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"ताई, मशिनकडं काय बघता? पोरीकडं बघा. मशिन काय तुम्हाला ओळखत नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही.

पाचव्या दिवशी स्वरा स्वतः दूध प्यायली.

तुमच्या बाळाला सर्दी झाली, तर कपडे वर करून छाती बघा. खळगा पडत असेल, दूध सोडलं असेल, तर थांबू नका. आणि डॉक्टरांना खरं सांगा.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. "आज चुलीपाशी न्हाई गेले. लुगडंबी धुतल्यालं हाय. घेऊ का तिला?"

"आत्या, त्या दिवशी धुरी मीच दिली होती."

"ठावं हाय. सालं ठेवून गेल्ते, आले तवा डबा रिकामा व्हता."

त्यांनी स्वराला घेतलं, आणि आधी झबलं वर करून तिची छाती बघितली.