घरांना नावं ठेवणारी आत्या

माझ्या आत्यानं ज्याला नावं ठेवली नाहीत असं घर भिलाईपासून उतईपर्यंत अजून बांधलं गेलेलं नाही. ती वास्तुकलेची इतिहासकार आणि समीक्षक. जन्मभर कॉलेजात शिकवलं, जाडजूड पुस्तकं लिहिली आणि निवृत्तीनंतर भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आजोबांच्या पोलाद कारखान्याकडून मिळालेल्या क्वार्टरमध्ये येऊन साऱ्या गोतावळ्याला भंडावून सोडलं. लोक पाहुण्यांना देवळं दाखवतात, धरण दाखवतात. ही आपल्या न्हाणीघराची सिमेंटची जाळी दाखवायची. "वारा कसा वाकून आत येते, पाहा!" पाहुणे बिचारे भर उन्हाळ्यात वारा पाहत उभे राहायचे. कुणी पुढचा व्हरांडा ग्रिल आणि पत्रा ठोकून बंद केला, की ही फाटकातूनच ओरडायची, "कावून जी, घराचं नाक कावून दाबलं?" आता सेक्टरात व्हरांडा बंद करत नाही असा माणूस विरळा, त्यामुळे तिचा संध्याकाळचा फेरफटका भांडणातच संपायचा.

वास्तुशांतीला तिला बोलवायचं म्हणजे छातीत धडकी! मी उतईला घर बांधलं, तेव्हा भटजी मंत्र म्हणत होते आणि ही दारातल्या खांबावर टिचक्या मारत होती.

"हा काय उचलून राहिला रे?"

"काही नाही आत्या, शोभेचा आहे."

"मंग त्याले उभं कावून केलं? बसू दे ना बिचाऱ्याले!"

भटजी हसले, सासरे फुगले. आत्या मात्र पोटभर जेवून गेली.

पुढे कारखान्यानं तिच्या ओळीतली जुनी क्वार्टरं पाडायचं ठरवलं. गळत होती, ते खरंच. पण आत्याचा सगळा जीव त्या क्वार्टरमध्ये होता. तिनं अर्ज केले, शेजाऱ्यांना गोळा करून व्याख्यान दिलं. ते म्हणाले, "ताई, नवीन फ्लॅट भेटून राहिला, तुमाले काय प्रॉब्लेम आहे?" त्यांचं तरी काय चुकलं? पाडायच्या दिवशी मला वाटलं, ही रडणार. तर ही मशीनवाल्यावरच खेकसली, "अरे भैया, पहले छत, दीवार बाद में! गिराने का भी तरीका होता है!" तोही मुकाट्यानं तिचं ऐकत गेला. जाळी फुटली तेव्हा मात्र ती एकदम गप्प झाली.

आता ती आमच्याकडेच असते. जेवते, पेपर वाचते, कुणाच्या घराला चकार शब्द बोलत नाही. देवा रे, घर खायला उठतं! शेवटी, निव्वळ तिचं तोंड उघडावं म्हणून, मी गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे दोन सिंह बसवले आणि त्यांना सोनेरी रंग फासला. बायको म्हणाली, "वेड लागलं का तुमाले?" मी आत्याला हात धरून अंगणात आणलं आणि शिव्या खायला तयार उभा राहिलो.

तिनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"छान आहे रे," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, आणि तिथंच अंगणात मला रडू फुटलं.