बाईंच्या खोलीतली भिंत

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूमशेजारच्या वाशीत एका वाळूवाल्याशी भांडत होतो. त्याच्या वाळूत माती होती आणि तो देवाच्या शपथा घेत होता. आयुष्यात पहिल्यांदा भांडण अर्धवट सोडून मी गाडीत बसलो. खरं सांगायचं तर आधी दुःख झालं नाही, राग आला. बाईंनी मला एक शब्द दिला होता... तो न पाळताच त्या गेल्या.

सुमनबाई भूमला शाळेत शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या गावातल्या जुन्या धर्मशाळेतच राहायला गेल्या. घर पडलेली, भावकीनं बाहेर काढलेली कुटुंबं तिथं यायची आणि स्वतःचं छप्पर मिळालं की जायची. दगडी भिंती, आठ खोल्या, वर गळकं माळवद. दुरुस्तीचं काम मी घेतलं. पाट्या उचलत गुत्तेदार झालेला मी माणूस, भाव करताना सख्ख्या भावालाही सोडत नाही. पण बाईंपुढं माझं चाललं नाही. कुणालाही बाहेर न काढता काम करायचं, ही त्यांची अट.

"बाई, माणसं आत ठेवून गिलावा होत नसतो."

"मग तू बाहेर थांब. ती राहतील."

सिमेंटचं प्रत्येक पोतं त्या स्वतः उभं राहून ओतून घ्यायच्या. गिलाव्याला आठवडाभर दोन वेळा पाणी मारावं लागतं, म्हणून मी टँकर आणून अंगणात टिपाड भरून ठेवलं. उन्हाळा होता, नळाला पाणी नव्हतं. महिन्याभरात कुटुंबांच्या सातही खोल्यांच्या भिंतींना भेगा पडल्या. धर्मशाळेच्या कमिटीची माणसं आली, बाईंची खोली सोडून बोटानं भिंती वाजवल्या, सगळीकडं पोकळ आवाज. "गुत्तेदारानं सिमेंट खाल्लं," एक जण म्हणाला. मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

माणसं गेल्यावर मी अंगणात ओरडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "दत्ता, पाणी भिंतीला गेलंच न्हाय. बायकांनी धुण्याला नेलं, लेकरांच्या अंघोळीला नेलं. मला दिसत होतं."

"मग कमिटीला सांगायचं ना!"

"सांगितलं तर उद्या ही चार कुटुंबं रस्त्यावर. तुला दुसरं काम मिळंल. ह्यांना?"

"म्हणजे चोर मी."

"ही चारी आपल्या घरी गेली की मी स्वतः कमिटीपुढं सांगीन. शब्द देते."

दोन वर्षं मी त्या शब्दावर अडकून पडलो. एकेक खोलीचा गिलावा पाडून परत केला, पण बाईंच्या खोलीत रागानं पाऊल टाकलं नाही. भूमच्या हॉटेलात चहा घेताना कुणीतरी विचारायचंच, "काय शेठ, गिलाव्यात राख किती घालता?" तीन कुटुंबं गेली. चौथं, कमलचं, बाईंच्या दहाव्यानंतर आठवड्याभरात गेलं.

जाण्याआधी कमल बाईंची खोली झाडत होती. तेव्हा मी आत गेलो. सवयीनं भिंत वाजवली... भरीव आवाज. दुसरी वाजवली, तोच आवाज. केसाएवढी भेग नाही. खिळ्याला एक प्लास्टिकचा मग्गा अडकवलेला होता.

"बाई त्यांच्या वाट्याच्या पाण्यातनं रोज शिंपडायच्या," कमल म्हणाली. "म्हणायच्या, दत्ताचं काम खरं हाय, एवढं तरी दिसू दे."

मी त्याच दिवशी कमिटीला बोलावलं. भिंत वाजवून दाखवली. तोच माल, तेच हात, फक्त इथं पाणी मिळालं. भिंतीचं पाणी धुण्याला नेलं, हे कमलनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. कमिटीवाले एकमेकांकडं बघून हसले. "बाई डोक्यावर उभ्या राहायच्या, म्हणून त्यांच्या खोलीला बरा माल लावला. आणि हिला पढवून आणलीय." मी कुणाच्या अंगावर धावून गेलो नाही, याचं मलाच नवल वाटलं. बाई असत्या तर एका वाक्यात मिटलं असतं. त्या वाक्यावर माझा हक्क होता.

आता बाईंच्या खोलीत नवं कुटुंब आलंय. भिंतीला हात लावायचा नाही आणि मग्गा खिळ्यावरून काढायचा नाही, एवढं मी त्यांना बजावलंय. भूमला गेलो की दार वाजवून आत जातो. ती माणसं उठून उभी राहतात, त्यांना वाटतं गुत्तेदार काम बघायला आलाय. मी बोटानं भिंत वाजवतो. भिंत माझ्या बाजूनं बोलते... आणि ऐकायला खोलीत मी एकटाच असतो.