जाड ळ

आमच्या झरीच्या अभ्यासिकेत शब्दांचा खेळ आला, तेव्हा त्याचे नियम फळ्यावर मीच लिहिले. पिशवीत अक्षरांच्या चकत्या. न बघता सात काढायच्या, पटावर शब्द लावायचा, जेवढ्या गेल्या तेवढ्या पुन्हा काढायच्या. काना-मात्रा आपण मनाने धरायच्या. प्रत्येक चकतीला गुण, आणि शेवटी हातात राहिली तर तेवढेच गुण वजा. खेळणारे पाच जण: पोलीस भरतीची तयारी करणारी तीन पोरं, मी, आणि अभ्यासिका उघडणारे-झाडणारे मामा.

मग ळ हरवला. एका पोराने प्लायवूडचा कापून आणला. दहा गुणांचा, पण बाकीच्या चकत्यांपेक्षा जाड.

तेव्हापासून ळ निघायचा तो मामांनाच. त्यांनी बाभळ लावली, मळणी लावली, गूळ लावला. एकदा ठीक, दोनदा ठीक. सलग पाच डाव? लोकांचे अर्ज घेऊन मी तहसीलमध्ये जाते, तिथे योगायोग हा शब्द फार ऐकलाय. तो ऐकला की मी कागद मागते.

परभणीला याच खेळाची स्पर्धा होती, पहिले दोघं जोडीने जाणार होते. गुणांत मामा पहिले, मी दुसरी. मी पत्रक लिहून दारावर चिकटवलं: ‘बोटांनी अक्षरं चोरणाऱ्याला जाब विचारा.’ नाव घातलं नाही. गरज नव्हती. अभ्यासिकेच्या समितीने मामांचं नाव खोडलं.

दुपारी मामा माझ्यासमोर येऊन बसले.

“ताई, लेक परभणीला दिलीय. ती बघायला येणार व्हती. आता काय सांगू तिला?”

“मामा, ती चकती हाताला कळते. मला कळते म्हणून सांगते.”

“तुमाला कळती?”

“कळते.”

“मग तुमाला एकदाबी कशी न्हाई आली?”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. गुऱ्हाळावर वर्षानुवर्षं गरम गूळ हाताळून बोटांची टोकं गुळगुळीत आणि कडक झालेली. “रेशनच्या मशीनला माजा अंगठा लागंना, तवा अर्ज कुणी लिवला? तुमीच की. ह्या बोटाला जाड-पातळ काय कळायलंय?”

ळने एकही शब्द सुरू होत नाही. तो हातात अडकतो आणि दहा गुण कापतो, म्हणून पिशवीत बोटाला लागला की मी तो बाजूला सारायची. घेणं म्हणजे चोरी, हे मला माहीत होतं. सोडण्याला मी काही नावच दिलं नव्हतं. सगळ्यांनी सोडलेला ळ, ज्याला कळत नाही त्याच्या हाती लागणारच.

संध्याकाळी समितीपुढे मी सांगितलं, “मामांचं नाव घाला. चाचपत मी होते. खोडायचं तर माझं खोडा.”

“तुम्ही एकट्याच?” अध्यक्षांनी विचारलं.

मी तिघा पोरांकडे बघितलं. एक पेन्सिलीला टोक करायला लागला. दोघांना अचानक भूगोल आठवला.

माझं नाव गेलं, मामांचं आलं. माझ्या जागी गुणांत तिसरा, म्हणजे प्लायवूड कापणारा तोच पोरगा. हे मला अजूनही पटत नाही. रविवारी सकाळी बस यायच्या आधी मी मामांना फाट्यावर गाठलं.

“जोडीदाराच्या हाताकडे लक्ष ठेवा. पिशवीत लय वेळ राहिला तर लगेच बोला.”

“ताई,” मामा म्हणाले, “आता तरी खेळू द्या.”