समजा, ह्यो गेला

खांद्यावरचा टॉवेल काढायचा, चालू कॉम्प्युटरच्या तोंडावर टाकायचा आणि हात मागे बांधून म्हणायचं, "समजा, ह्यो गेला. आता?"

दर सोमवारी सकाळी अकराला आमच्या ऑफिसात हा मर्तिकाचा कार्यक्रम व्हायचा. आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, कवठे महांकाळच्या बाजूला. मालक गेल्यापासून मीच बघते. सातवी शिकलेली बाई मी. कॉम्प्युटरबद्दल मला एवढंच ठाऊक, की त्याला एसी लागतो आणि मला टेबलफॅनवर भागवावं लागतं.

टॉवेलवाला हा आमचा वॉचमन. फौजेत सिग्नलमध्ये होता, सुभेदार होऊन परत आला. गाव मलकापूर. नाव नाही सांगत, त्याला खपलं नसतं. "नाव कशाला पायजे? चोराला पत्ता मिळतो," म्हणायचा. तुमच्याही ओळखीत असेल बघा असा एखादा, लग्नाला गेला की नवरीच्या आधी जनरेटर बघून येणारा.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, "वहिनी, कुणाचा माल कुठल्या चेंबरात, हे कुणाला ठावं हाय?"

"कॉम्प्युटरला."

"आन् कुणी त्यालाच कुलूप घातलं तर?"

"जिभेला काही हाड, सुभेदार!"

ओरडले खरी, पण लगेच उठून चेंबरांतून एक चक्कर मारून आले. बेदाणा म्हणजे शेतकऱ्याचं अख्खं वर्ष. पेट्या दिसायला सगळ्या सारख्या. एकाचा माल दुसऱ्याच्या टेम्पोत गेला तर पुन्हा आमच्या दारात कोण येईल?

मग त्याने राज्य सुरू केलं. पेट्यांच्या प्रत्येक थप्पीला सुतळीने पुठ्ठा बांधायला लावला: नाव, गाव, चेंबर, ओळ. तेच एका वहीतही. इंटरनेटच्या वायरीला लाल रिबन बांधली. "पयली ही उपसायची. मग रडायचं." दर शनिवारी सगळी माहिती एका डिस्कवर उतरवायची आणि डिस्क माझ्या घरी, तांदळाच्या डब्यात. पाहुणे पुन्हा भात मागायला लागले की मला धाकधूक.

भिंतीवर फोनची यादी लावली. सर्वांत वर त्याचाच नंबर. एक तारखेला यादी तपासायची. "गेलेल्या माणसाचं नाव ठिवायचं न्हाई, वहिनी. येळंला घंटी वाजत बसती. पर खोडायच्या आधी एकदा लावून बघायचं."

कॉम्प्युटरवर बसणारी आमची सुनंदा, दोन लेकरांची आई, त्याला भारी छळायची. "मामा, तेराव्याला गोड काय करायचं?"

"खीर कर. पर बेदाणा आधी वहीत बघून हुडकून आण."

एका सोमवारी तो रजेवर गावी गेला होता. मी फोनवर मेल बघितली: बिल थकलंय, आज वीज तोडणार. कोल्ड स्टोरेजवाल्या बाईला हे वाचून दम निघेल? सोबत जोडलेली बिलाची फाइल मोबाइलवर उघडेना, म्हणून सुनंदा चहाला गेली तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवर जाऊन मी उघडली. काहीच दिसलं नाही. गुपचूप जागेवर येऊन बसले.

थोड्या वेळाने सुनंदाच्या स्क्रीनवर लाल इंग्रजी अक्षरं. ती खळखळून हसली. "काकी, मामांनी रजेवर जाऊन पण मयत काढली!"

तिने रिबन ओढून वायर उपसली, आपला स्कार्फ कॉम्प्युटरवर पांघरला, वही काढली. जतचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला होता, दुसऱ्या दिवशी सौदा. तो गोंधळला. "काय गडबड चाललीया?"

"मयत हाय," सुनंदा म्हणाली. "तुमच्या पेट्या तीन नंबरात."

हसतखिदळत टेम्पो भरला. पुठ्ठ्यावरचं नाव आणि पेट्यांचा आकडा, सगळं जुळलं. मग मी कौतुकाने स्पीकरवर फोन लावला. "सुभेदार, लाल अक्षरं लय भारी हं!"

"कसली अक्षरं? म्या न्हाव्याकडं बसलोय."

सुनंदाचं हसू तिथंच सुकलं.

"वायर?"

"उपसली."

"डिस्क?"

"तांदळात."

"मग ह्यो खरंच गेला. कुणी कायबी दाबू नका. येतोच."

चारच्या सुमारास एसटीने आला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरी खुंटं. त्या लाल अक्षरांत चोरांनी कुलूप उघडायचे पैसे मागितले होते. "बसा म्हणावं वाट बघत," म्हणाला आणि मला घेऊन पोलिसांत तक्रार द्यायला निघाला. वाटेत विचारलं, "उघडलं कुणी?"

मी हळूच हात वर केला.

"वीज तोडणार म्हणून? तवा पंखा फिरत हुता का?"

"होता."

"मग?"

सांगलीच्या इंजिनियरने मशीन धुऊनपुसून दिलं. डिस्क जोडताना तिच्यातून तांदळाचे दोन दाणे पडले. माहिती सगळी शाबूत.

गेल्या वर्षी सुभेदार गेला. चहा मागवला आणि कप यायच्या आत संपला. आम्ही मलकापूरला गेलो. तोंडावर कुणीतरी तोच टॉवेल टाकला होता. माझी जीभ मेली निलाजरी, "आता?" अगदी ओठांवर आलं होतं.

एक तारखेला सुनंदाने पेन माझ्यापुढे धरलं आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. मी आधी त्याचा नंबर लावला. घंटी वाजत बसली. पूर्ण वाजू दिली.

मग खोडलं.