काजवालीची बढती

शिलाई कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. दिवसभर शर्टाची काजं करायची, दुसरं काही नाही. लग्न होऊन आली तशी नणंदेनंच तिला त्या मशीनवर चिकटवली होती. नणंद थोरली, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. ती शेजारच्या मशीनवर कॉलर लावायची. घरात ताई, कारखान्यातही ताईच.

सरकारनं कामगारांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडलं. शिका, पास व्हा, सुपरवायझर व्हा, असे फलक सगळीकडे लागले होते. काजवाली बिचकत होती.

"तू जा," ताई म्हणाली. "जन्मभर भोकंच पाडत बसणार आहेस का? घरचं मी बघते."

आणि तिनं खरंच बघितलं. काजवाली संध्याकाळी वर्गाला जायची, ताई स्वयंपाक, धुणीभांडी, पोरांचा अभ्यास असं सगळं उरकायची. त्याच सुमारास ताईची नजर अधू झाली. कॉलरी तिरक्या बसायला लागल्या. काजवाली ते शर्ट गुपचूप आपल्याकडे ओढायची, उसवून, नीट शिवून परत सरकवायची. दोघींनी त्याबद्दल कधी तोंडातून ब्र काढला नाही.

काजवाली पास झाली, सुपरवायझर झाली. ताईनं अख्ख्या गल्लीत सांगितलं. पण आता ताईचे शर्ट सावरायला शेजारी कुणी नव्हतं. काही दिवस काजवालीनं काणाडोळा केला, मग एक मोठा माल परत आला.

मॅनेजरनं बोलावलं. "लाईनवरचं एक माणूस कमी करायचंय. कोण ते तू सांग."

सारख्या दांड्या मारणारी एक होती, कालपरवा लागलेली एक होती. पण मॅनेजर पेन फिरवत तिच्याकडेच बघत होता. ताई कोण लागते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कॉलरवाली," ती म्हणाली. मग, कुणी विचारलं नसताना, "डोळे गेलेत तिचे. इतके दिवस मीच झाकत होते."

"म्हणून तर तुला वर घेतली," मॅनेजर खूश झाला. "जा, तूच सांग तिला."

तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. ताई बघतच राहिली. "अगं, घरी तरी सांगायचंस."

"घरचं घरी, ताई."

ताईनं चाचपडत कात्री उचलली, चष्म्याचं घर उचललं. "येते, मॅडम," म्हणाली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

घरी नवरा तणतणला, "तुझी पोरं तिनं वाढवली!"

"आणि दोघींची नोकरी गेली असती म्हणजे? तुमच्या एकट्याच्या पगारात भागलं असतं?"

त्यानं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागला.

ताई गप्प बसणारी नव्हती. ती त्याच प्रशिक्षण केंद्रात गेली. खिडकीवरच्या माणसानं तिचं वय विचारलं, चष्म्याच्या जाड भिंगांकडे पाहिलं. "बाई, ज्यांना पुढं काम लागेल अशांनाच आम्ही घेतो."

"काम लागत असतं तर इथं कशाला आले असते?"

तो पुढचा अर्ज चाळायला लागला. तेव्हा तिनं भावजय इथंच शिकल्याचं सांगितलं. तसा त्याचा चेहरा खुलला. "त्या होय! त्यांचा फोटो लावलाय की, तो बघा."

ताई भिंतीपाशी गेली. नाक टेकेपर्यंत जवळ गेली, तरी तिला नीट दिसेना. "कशी दिसते हो?"

"हसतायत," तो म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

ताई घरातच राहिली, स्वयंपाक करत राहिली. काजवालीला आणखी वरची जागा मिळाली. एकदा जेवताना पहिल्याच घासाला तिनं हात आखडला.

"ताई, उद्यापासून राहू द्या. मीठ दोनदा पडतं तुमच्याकडून. बाई लावलीय मी."

ती हे रागानं बोलली नाही. चूक दाखवताना आवाज चढवायचा नाही, असं केंद्रात शिकवलं होतं. ताईनं हातातला डाव खाली ठेवला आणि भिंतीला धरून उठली.