डाव्या सीटवरून दिसणारा काटा

बाबांचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेलं. शेवटी एक जुनी गाडी त्यांनी स्वतःची घेतली, आणि डोळ्यांचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. मला तर भांडुपचं ट्रॅफिक बघूनच घाम फुटतो. मग मोटर ट्रेनिंग स्कूलला गेली आई. भाजीचा गाळा सांभाळून, पन्नाशी उलटल्यावर, पहिल्या फटक्यात लायसन घेऊन आली.

पण शेजारी बाबा बसायचे.

"अगो, साठ झाले! हळू चालव!"

"अहो, पन्नास आहेत."

"मी काय आंधळा?"

"डॉक्टर तेच म्हणाला ना!"

रोज हेच. एकदा विक्रोळीपासून घरापर्यंत बाबा थांबलेच नाहीत. घरी आल्यावर आईने चावी फ्रिजवर ठेवली. "आजपासून मी हात लावणार नाही. ह्यांना वाटतं मी खोटं बोलते."

चावी तिथेच राहिली. मला ते सहनच होईना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि गाडी चालवणारी पहिली बाई ती. तिने असं सोडून द्यायचं? माझ्या पगारावर नवीन गाडी घ्यायची ठरवली आणि दोघांना घाटकोपरच्या शोरूमला घेऊन गेले. आई म्हणाली, "बघायला येते, चालवायला नाही."

गाडीत दोन प्रकार होते. एकात गोल मीटर, काट्याचं. दुसऱ्यात सपाट स्क्रीन, त्यावर नुसता मोठा आकडा. बाबांनी लगेच सांगितलं, काटाच पाहिजे. "काटा चढताना दिसतो. नजर रस्त्यावर असली तरी कळतं. हा आकडा नुसता नाचतो." बाबांचं ते चूक नव्हतं, आजही नाही.

काट्याची गाडी आधी बाहेर काढली. आईला मी जवळजवळ ढकलूनच स्टिअरिंगवर बसवलं. बाबा हट्टाने पुढे, डावीकडे. मागे मी आणि सेल्समन. हायवेला लागलो आणि झालं सुरू.

"साठ!"

"पन्नास!"

मी मधून वाकून बघितलं. मला दिसले पंचावन्न.

एक गाडी, तीन माणसं, तीन स्पीड! सेल्समन बिचारा म्हणाला, "साधारण बरोबर आहे सर."

आणि माझ्या डोक्यात बीएस्सीची लॅब उभी राहिली. मॅडम ओरडायच्या, "रीडिंग समोरून घ्या, तिरकं बघू नका!" काटा आकड्यांच्या चकतीला चिकटलेला नसतो, त्याच्या थोडा पुढे, आपल्याकडे असतो. समोरून बघितलं तर बरोबर. डावीकडून बघितलं तर तो उजवीकडे सरकलेला दिसतो, म्हणजे स्पीड जास्त. बाबा जन्मभर स्टिअरिंगवर. डाव्या सीटवरून काटा कसा दिसतो, हे त्यांना कळणार कुठून?

मी तिथेच सगळं सांगितलं.

"म्हणजे मी खोटं बोलत होतो?" बाबा तडकले.

"नाही बाबा. जुन्या गाडीतही काटाच आहे, तुम्हाला खरंच साठ दिसत होते."

"आणि बोलणी मी खात होते," आई म्हणाली. मग एकदम हसलीच. "अगं, हे तर आमच्या गाळ्यावरचं! गिऱ्हाईक बाजूने काटा बघायचं आणि भांडायचं. म्हणून तर मी डिजिटल काटा आणला!"

परत येऊन स्क्रीनवाली गाडी काढली. आता आई न सांगता स्टिअरिंगवर बसली. हायवेला मी विचारलं, "बाबा, किती?"

ते पुढे वाकले. डोळे बारीक केले. "बावन्न."

"बावन्न," आई म्हणाली. मला मागूनही बावन्नच.

बाबा मागे टेकून बसले. मग म्हणाले, "बावन्न म्हणजे ठीक चालवतेस."

आईला एवढं पुरे होतं. शोरूममध्ये आल्यावर माझ्या आधी तीच बोलली, "आकडेवाली द्या."

गाडी घरी आली त्या रविवारी आम्ही चेंबूरला मावशीकडे निघालो. आई झकास चालवत होती. विक्रोळी आली तरी डावीकडून आवाज नाही. मी घाबरून पुढे वाकले, तर बाबा गाढ झोपलेले, तोंड उघडं. दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन हा माणूस कधी डोळा मिटेल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

मी आईच्या खांद्याला हात लावला.

"बघितलंय मी," ती हळूच म्हणाली. "उठवू नको गं. उठले की रस्ता सांगायला लागतील."

आणि इंडिकेटर देऊन तिने पुढचा टेम्पो मागे टाकला.